लाकडी जमीन हलते तेव्हा: कड्यांमध्ये ब्लॉकिंग कसं ठोकायचं

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी धाकट्या जावेची मंगळागौर झाली. घर न्यू जर्सीतलं, १९५०च्या दशकात बांधलेलं, खाली बेसमेंट आणि वर लाकडी सांगाड्याची जमीन. पहिल्या फुगडीलाच काचेच्या कपाटातले पेले किणकिणायला लागले. दुसऱ्या फुगडीला कपाटाचं दार आपसूक उघडलं. सासूबाईंनी खेळ थांबवला आणि सगळ्यांना गाण्यांवर बसवलं. पुढे स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा बेसमेंटचं छत उघडायचंच होतं, म्हणून जमीन का हलते तेही बघायचं ठरवलं. ब्लॉकिंग ठोकायला मी तेव्हा शिकले. इथे जुनं लाकडी घर घेतलेल्या आणि हातात हातोडी धरायची तयारी असलेल्या प्रत्येकासाठी ते सगळं नीट लिहून ठेवते आहे.

माझ्या आजोळी कडीपाट होता: तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. इथला जॉइस्ट म्हणजे कडीच. पण आजोळच्या कड्या जाडजूड, जवळजवळ चौकोनी होत्या आणि इथली कडी म्हणजे काठावर उभी केलेली फळी. जाडी दीड इंच, उंची सात, नऊ किंवा अकरा इंच. शाळेतली फूटपट्टी काठावर उभी धरून वरून दाबून बघा. ती वाकायच्या आधी लवंडते. कडीचंही तसंच होतं. वरून सबफ्लोअरने, म्हणजे कड्यांवर ठोकलेल्या फळ्यांनी किंवा प्लायने, धरलेली असते म्हणून पडत नाही, पण खालची कड मोकळी असते आणि पावलागणिक किंचित डुलते.

दोन कड्यांच्या मधे आडवा ठोकून बसवलेला लाकडाचा तुकडा म्हणजे ब्लॉकिंग. तो कडीला उभी ठेवतो, आणि एका कडीवर पडलेला भार शेजारच्या कड्यांना वाटून देतो. ठोकळ्यांची ओळ घट्ट असेल तर एका पावलाखाली तीन-चार कड्या मिळून काम करतात. मात्र ब्लॉकिंगने अशक्त कडी सशक्त होत नाही. कडी फार लांब पल्ल्यावर (पल्ला म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) टाकली असेल, तिला तडा गेला असेल किंवा ती कुजली असेल, तर तिच्या अंगाला दुसरी कडी जोडावी लागते किंवा मधे तुळई द्यावी लागते. ठोकळे मारून ते काम भागवू नका.

आधी खालून नीट बघा

बेसमेंटमध्ये डोक्याला दिवा बांधून, वर मान करून, एकेक गाळा बघत जा. दोन कड्यांमधल्या जागेला मी गाळा म्हणते. आमच्याकडे कड्या २×८च्या (हे दुकानातलं इंचांचं नाव, खरं माप थोडं कमी), एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १६ इंचांवर, साधारण १२ फूट पल्ल्याच्या. मधोमध जुन्या पद्धतीच्या फुलीसारख्या पट्ट्या होत्या. त्यातल्या अर्ध्या कुणीतरी एअर डक्ट घालताना काढून टाकलेल्या, आणि उरलेल्यांची खालची टोकं खिळा न मारता तशीच लोंबकळत होती. जुने सुतार या पट्ट्यांची वरची टोकं आधी ठोकत आणि खालची, वर जमीन घालून लाकूड स्थिरावलं की ठोकत. बऱ्याच घरांत ते दुसरं काम राहूनच गेलं. तुमच्याकडे अशा सैल पट्ट्या असतील तर प्रत्येकीच्या खालच्या टोकाला दोन खिळे मारा आणि वर जाऊन चालून बघा. कधी कधी तेवढ्यानेच भागतं.

मग कड्यांना पूर्वी काय काय केलं गेलंय ते तपासा. जुन्या घरात प्लंबरने पाइपासाठी घेतलेली खाच हमखास सापडते. इथल्या निवासी बांधकाम संहितेचा नियम असा आहे: खाचेची खोली कडीच्या उंचीच्या सहाव्या भागापेक्षा जास्त नको, आणि पल्ल्याच्या मधल्या तिसऱ्या भागात खाच नकोच. भोक उंचीच्या तिसऱ्या भागापर्यंत चालतं, पण वरच्या-खालच्या कडेपासून किमान २ इंच आत हवं. २×१०ची खरी उंची सव्वानऊ इंच, म्हणजे भोक तीन इंचांपर्यंत आणि खाच दीड इंचापर्यंत. आमच्या न्हाणीघराखाली एका कडीला ऐन मध्यावर तीन इंचांची खाच निघाली. तिथे आम्ही हात घातला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं.

या फेरीत आणखी दोन-तीन गोष्टी बघून घ्या. घर १९७८च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं. जुन्या गरम पाण्याच्या पाइपांभोवतीचं पांढरं वेष्टन ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. या दोन्हींना तपासणी झाल्याशिवाय खरवडू किंवा फाडू नका. ज्या गाळ्यात वायर आहे तिचा ब्रेकर पाडा आणि टेस्टरने खात्री करा. गॅसच्या पाइपाला धक्का लागेल अशा जागी ठोकळा नकोच, ओळ फूटभर सरकवा. आणि काम सुरू करण्यापूर्वी गावच्या बिल्डिंग विभागाला फोन करून परवाना लागतो का ते विचारा. कड्यांना हात लागणार म्हटलं की बहुतेक ठिकाणी लागतोच.

ठोकळे कुठे हवेत

पल्ल्याच्या मधोमध एक ओळ, हे नेहमीचं. संहितेत पल्ल्यामधल्या ओळी सक्तीच्या होतात त्या २×१२पेक्षा उंच कड्यांना, आणि तिथे दोन ओळींत ८ फुटांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. २×८ किंवा २×१०ला सक्ती नाही, तरी जमीन हलत असेल तर मारा. पल्ला १२-१३ फुटांच्या पुढे असेल तर मी एकाऐवजी दोन ओळी घेईन, पल्ल्याचे तीन भाग करून.

कड्यांची टोकं जिथे भिंतीवर किंवा तुळईवर टेकतात तिथे त्या लवंडू नयेत म्हणून काहीतरी हवंच. बाहेरच्या भिंतीवर ते काम कड्यांच्या टोकांना आडवी ठोकलेली रिम कडी करते. मधल्या तुळईवर मात्र पुष्कळदा काही नसतं, तिथे पूर्ण उंचीचे ठोकळे द्या.

नवी पार्टिशन भिंत कड्यांना समांतर आणि नेमकी दोन कड्यांच्या मधे येत असेल, तर तिच्याखाली दर १६ इंचांवर ठोकळा द्या. नाहीतर भिंतीचं सगळं वजन एकट्या सबफ्लोअरवर पडतं. भिंत वरच्या मजल्याचा भार घेणारी असेल तर हा विषय इंजिनिअरचा. पाइप जाऊ देण्यासाठी जोडकडीच्या दोन फळ्या लांब ठेवल्या असतील, तर त्यांच्या मधे दर ४ फुटांवर ठोकळा लागतो. कमोडच्या फ्लॅंजभोवती आणि सबफ्लोअरची कड अधांतरी राहते तिथेही हवा. वरून खांब उतरत असेल तर त्याखाली आडवा ठोकळा पुरत नाही. तिथे लाकडाच्या रेषा उभ्या येतील असे, खांबासारखे तुकडे कडीच्या दोन्ही अंगांना लावतात.

लाकूड आणि हत्यारं

ठोकळा कडीइतकाच उंच घ्या. दुकानातली २×८ म्हणजे खरी दीड बाय सव्वासात इंच. पण फार जुन्या घरांत कड्या खरोखर दोन बाय आठ इंच भरतात. तिथे २×१० आणून टेबल सॉवर आठ इंचांपर्यंत चिरावी. शिक्का बघून वाळवलेलं लाकूड आणा. ओलं लाकूड वाळलं की आकसतं, ठोकळा वरून आणि बाजूंनी सुटतो, आणि सहा महिन्यांनी जमीन कुरकुरायला लागते. शक्य असेल तर फळ्या चार-पाच दिवस बेसमेंटमध्येच पडू द्या.

टेप, गुण्या, सूत मारायची खडूची दोरी, पेन्सिल, मायटर सॉ, हातोडी, ड्रिल, एक मोठा क्लॅम्प, भक्कम शिडी. डोळ्यांवर गॉगल पाहिजेच, कारण सगळा भुसा आणि सत्तर वर्षांची धूळ वरून डोळ्यांतच पडते. काडीपेटीएवढ्या अरुंद जागेत हातोडी फिरवायला जमत नाही, म्हणून हवेवर चालणारा पाम नेलर भाड्याने आणला तर हात वाचतो. तळहातात मावणारं यंत्र, खिळ्याच्या डोक्यावर दाबलं की भराभर ठोके मारत खिळा आत घालतं.

सूत मारणं

भिंतीपासून आणि तुळईपासून मोजून मध्य काढा, दोन्ही बाजूंच्या शेवटच्या कड्यांवर खूण करा आणि कड्यांच्या खालच्या कडेवर दोरी ताणून सूत मारा. प्रत्येक कडीवर निळी रेघ उमटते. गुण्या लावून ती रेघ कडीच्या अंगावर वरपर्यंत न्या. आता पहिला ठोकळा रेघेच्या डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा परत डावीकडे, असे आलटून पालटून बसवायचे. एका सरळ रेषेत बसवले तर एका बाजूला ठोकळ्यामागे आधीचाच ठोकळा येतो आणि कडीतून आरपार खिळा मारायला जागाच राहत नाही. दीड-दोन इंच मागेपुढे केल्याने जोर कमी होत नाही.

माप: सगळं काम इथे आहे

इथे मी चुकले होते, म्हणून सावकाश सांगते. कड्या १६ इंचांवर, कडीची जाडी दीड इंच, तेव्हा गाळा साडेचौदा इंच. एवढा हिशेब करून मी सगळे ठोकळे एकदम साडेचौदाचे कापून ठेवले. पहिला छान बसला. दुसरा थोडा ठोकावा लागला. पाचवा तर हातोडीच्या जोरावर घातला आणि आपण किती घट्ट काम करतोय असं वाटून बरं वाटलं. सहाव्या गाळ्यात ठोकळा शिरेचना. पाच ठोकळ्यांनी मिळून पाचव्या कडीचं पोट बाजूला ढकललं होतं. सगळे काढून पहिल्यापासून सुरुवात केली.

आपल्याकडचे सुतार इंचाचे ८ सूत मोजतात. एकेक ठोकळा अर्धा सूत लांब झाला, तरी दहाव्या ठोकळ्याला ५ सूत, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त फरक पडतो. म्हणून प्रत्येक गाळा वेगळा मोजा, आणि मोजताना वर, सबफ्लोअरला चिकटून मोजा. तिथे कडी खिळ्यांनी धरलेली असते, ती हलणार नाही. खालची कड वर्षानुवर्षं वाळून पिळवटलेली असते, तिचं माप फसवं. वर साडेचौदा आणि खाली चौदा इंच सहा सूत आलं, तर ठोकळा साडेचौदाचाच कापा, आणि खालच्या कडा क्लॅम्पने हळूच जवळ ओढून मग खिळे मारा. जुनं लाकूड दाद देत नसेल तर हट्ट करू नका. ठोकळ्याचं टोक किंचित तिरकं कापून गाळ्याच्या आकाराला जुळवून घ्या. ७० वर्षं पिळवटून बसलेली कडी एका दुपारी सरळ करू गेलं तर ती चिरते.

ठोकळा तळहाताच्या दोन-तीन थापांनी बसला पाहिजे. हातोडीने हाणून घालावा लागला तर लांब आहे, काढा. नुसता वर सारला आणि हात सोडल्यावर पडला तर आखूड आहे, दुसऱ्या गाळ्यासाठी ठेवा. टोकं गुण्याला बरोबर चौकोनी हवीत, नाहीतर ठोकळा एकाच कोपऱ्यावर टेकतो आणि तिथेच पुढे करकर आवाज येतो. कापल्यावर गाळ्याचा नंबर ठोकळ्यावर पेन्सिलीने लिहा. दर तीन-चार गाळ्यांनी भिंतीपासून कडीचं अंतर मोजून ओळ सरकत नाही ना ते बघा.

वर सबफ्लोअरमधून कडी चुकवून खाली आलेली खिळ्यांची टोकं दिसतील. ती ठोकळ्याला वर टेकू देत नाहीत. पक्कडीने किंवा मल्टीटूलने आधी कापून टाका. हाताला लागली तर जखम खोल होते, म्हणून हातमोजे घालूनच.

खिळे मारणं

सगळ्यात चांगला सांधा कडीतून आरपार मारलेल्या खिळ्यांचा. १६ पेनीचा खिळा साडेतीन इंच लांब असतो. दीड इंच कडीत जातो, दोन इंच ठोकळ्याच्या टोकात. दोन्ही टोकांना तीन-तीन: एक वरच्या कडेपासून इंच-दीड इंच खाली, एक मधे, एक खालच्या कडेपासून तेवढाच वर. आधी मधला मारा, ठोकळा वर टेकलाय ना बघा, मग उरलेले दोन. पाइप किंवा डक्टमुळे पलीकडच्या बाजूने पोचता येत नसेल तर त्या टोकाला तिरपे खिळे.

तिरपा खिळा मारणं हे हाताला सवयीनेच येतं, पण कृती ठरलेली आहे. १० पेनीचा, तीन इंची खिळा घ्या. ठोकळ्याच्या अंगावर, टोकापासून साधारण इंचभर आत, म्हणजे खिळ्याच्या लांबीच्या तिसऱ्या भागाइतक्या अंतरावर टोक टेकवा. आधी सरळ दोन ठोके मारून टोक रुतवा, मग खिळा कलता करा. ठोकळ्याच्या लांबीशी साधारण ३० अंशांचा कोन आला पाहिजे. फार उभा मारला तर कडीपर्यंत पोचतच नाही, फार आडवा मारला तर ठोकळ्याचं टोक फोडून बाहेर येतो. एक खिळा ठोकळ्याच्या या अंगाने, दुसरा त्या अंगाने, आणि दोघांची उंची वेगळी ठेवा, म्हणजे आत एकमेकांवर आपटणार नाहीत. संहितेच्या तक्त्यात ब्लॉकिंगच्या प्रत्येक टोकाला असे १० पेनीचे दोन तिरपे खिळे किमान धरलेत. मी उंच ठोकळ्यांना तीन मारते.

तिरपा खिळा आत जाता जाता ठोकळ्याला रेघेवरून ढकलतो. त्यासाठी मागे एक लाकडाचा तुकडा कडीला तात्पुरता स्क्रू करून टेकण द्या, किंवा ठोकळा रेघेच्या एक सूत अलीकडे धरून सुरुवात करा, शेवटच्या ठोक्याला तो बरोबर जागी येतो. आणखी एक सोय: तिरपे खिळे ठोकळा जमिनीवर असतानाच अर्धेअधिक मारून ठेवा, टोक पलीकडे जेमतेम डोकावेल इतके. मग शिडीवर चढून एका हाताने ठोकळा धरायचा आणि दुसऱ्याने फक्त ठोकायचं. टोकाजवळ लाकूड फाटत असेल तर खिळ्याचं अणकुचीदार टोक हातोडीने किंचित बोथट करा. तीक्ष्ण टोक तंतू बाजूला सारत जातं आणि पाचरीसारखं लाकूड फाडतं, बोथट टोक तंतू तोडत जातं. जुन्या कोरड्या लाकडाला आधी बारीक भोक पाडलेलं जास्त बरं.

स्क्रू चालतात का, हा प्रश्न सगळेच विचारतात. चालतात, पण ड्रायवॉलचे काळे स्क्रू कधीही वापरू नका. ते कडक आणि ठिसूळ असतात, बाजूने भार आला की खटकन तुटतात, आणि तुटल्याचं बाहेरून दिसतही नाही. बांधकामासाठी बनवलेले स्ट्रक्चरल स्क्रू मिळतात, जीआरके किंवा सिम्पसन स्ट्रॉंग-टाय यांचे, तेच घ्या. वरून काम करत असाल आणि खालच्या खोलीचं प्लास्टरचं छत जागेवर असेल, तर मी खिळ्यांऐवजी हेच स्क्रू सुचवीन. हातोडीच्या हादऱ्याने खालच्या छताला भेगा पडतात. जिथे ना आरपार जमतं ना तिरपं, तिथे धातूचे कोन लावता येतात. त्यांना कंपनीने सांगितलेलेच जाड, आखूड खिळे वापरा आणि सगळी भोकं भरा. अर्धी भोकं रिकामी सोडलेला कोन कागदावरच्या ताकदीचा अर्धासुद्धा भार घेईलच असं नाही.

ठोकळा बसवण्याआधी त्याच्या माथ्यावर आणि दोन्ही टोकांवर पॉलियुरेथेन सबफ्लोअर ग्लूची बोटभर जाड रेघ द्या. लाकडाला लाकूड घासल्याचा आवाज त्याने बंद होतो. सबफ्लोअर आणि ठोकळ्यात फट राहिली म्हणून पाचर ठोकून भरू मात्र नका. पाचर जमिनीला वर उचलते, आणि महिन्याभराने फरशीचा सांधा तिथेच उकलतो. फट ग्लूने भरा.

वरून काम करताना

न्हाणीघरात सबफ्लोअर काढून वरून काम करणं सोपं वाटतं, आणि माप घ्यायला ते खरंच सोपं आहे. पण सगळं सबफ्लोअर एकदम काढू नका. त्यानेच कड्या उभ्या धरलेल्या असतात. दोन-तीन गाळे उघडा, ठोका, पुढे सरका. उभं राहायला कड्यांवर आडवी जाड प्लायची फळी टाका. ठोकळ्याचा माथा कडीच्या माथ्याशी समतल किंवा अर्धा सूत खाली हवा, वर अजिबात नको. टाइल घालणार असाल तर हे दुप्पट काळजीने करा. सिरॅमिक टाइलखालच्या जमिनीची लवचीकता पल्ल्याच्या ३६०व्या भागापेक्षा कमी लागते, आणि संगमरवर किंवा ग्रॅनाइट घालायचा तर ७२०व्या भागापेक्षा. १२ फुटी पल्ल्याला हे अनुक्रमे जेमतेम ३ सूत आणि दीड सूत झाले. कड्या तेवढ्या ताठ आहेत का ते दगड विकत घेण्याआधी तपासून घ्या.

पाइपांशी दोस्ती करून चाला. गरम पाण्याचा पाइप तापला की लांबतो, ठोकळ्याला चिकटून गेला तर रात्रभर टिकटिक ऐकू येते. त्याच्याभोवती बोट जाईल एवढी जागा सोडा. वायर ठोकळ्यातून न्यायची असेल तर मधोमध भोक पाडा. कडेपासून सव्वा इंचाच्या आत आली तर वर पोलादी पट्टी ठोका, पुढे कुणी स्क्रू मारला तरी वायर वाचते.

घर नव्या काळातलं असेल आणि कड्या इंग्रजी आय अक्षराच्या आकाराच्या, मधे पातळ पत्र्यासारखी प्लायची भिंत असलेल्या असतील, तर वरचं सगळं तसंच्या तसं लागू करू नका. त्या कड्यांच्या वरच्या-खालच्या पट्टीला कापायचं नसतं, खाच घ्यायची नसते, आणि कुठे किती खिळे ते बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ती पुस्तिका मिळवा.

आमचं काम तीन शनिवार-रविवार चाललं. दोन ओळी, बावीस ठोकळे. इन्स्पेक्टर येऊन बघून जाईपर्यंत छत उघडं ठेवलं. तो गेल्यावर, ड्रायवॉल चढवायच्या आधी, प्रत्येक गाळ्याचा फोटो काढला, भिंतीपासून टेप ताणलेली दिसेल असा. वायर कुठून गेली, पाइप कुठे, ठोकळे कुठे, सगळं त्यात आहे. परवा डायनिंगच्या खालच्या बाजूला दिवा बसवताना तेच फोटो उघडले. गेल्या श्रावणात फुगड्या पुन्हा झाल्या. पेले थोडे किणकिणले, पण कपाटाचं दार मिटलेलं राहिलं, आणि सासूबाई स्वतः झिम्म्याला उठल्या. न्हाणीघरात, ती खाच असलेल्या कडीच्या वर, अजून पाऊल जरा बुडतं. तिथे जोडकडी घालायची आहे, इंजिनिअरचं रेखाटन आलंय, आणि लाकूड बेसमेंटमध्ये वाळत पडलंय.